प्लेगाच्या पुढं काय झालं

मानवी संस्कृतीचा रथ अंधाराकडून उजेडाकडं, नांगराकडून यंत्राकडं आणि राजाच्या लहरीकडून प्रजेच्या हक्काकडं अखंड धावत असतो, त्याला जगात कोणीही अडवू शकत नाही, असं आकाराम गुरुजी दर वर्षी जूनमधल्या पहिल्या तासाला वर्गाला निक्षून सांगत. मार्च उजाडे तेव्हा हा रथ चौदाव्या शतकात, युरोपातल्या प्लेगाच्या साथीत रुतून बसलेला असे, आणि परीक्षा येई.

आष्ट्यापासून पाच मैलांवरच्या पाणवठीच्या हायस्कुलात गुरुजी सव्वीस वर्षं दहावीला जगाचा इतिहास शिकवत होते. पुस्तक मध्ययुगापासून सुरू होऊन औद्योगिक क्रांतीपाशी संपतं असं ऐकिवात होतं. थोरल्या भावाचं पुस्तक धाकट्याकडं, धाकट्याचं चुलत्याच्या पोराकडं जाई, पण शेवटची साठ पानं कोरी करकरीत राहत. त्यात गुरुजींचा आळस नव्हता, उलट उत्साह नडत होता. सरंजामशाही शिकवताना त्यांना आपलं औंधातलं शिक्षण आठवे, औंध म्हटलं की यमाईचा डोंगर निघे, आणि डोंगराच्या पायऱ्या चढता चढता दिवाळीची सुट्टी लागे. सुट्टीनंतर धर्मयुद्धं. त्यात घोडे आले, घोड्यांचे नाल आले. मग प्लेग. प्लेग ते इतका रंगवून सांगत की मुलं डबा खाताना आधी खाली उंदीर बघत.

हे असंच निवृत्तीपर्यंत सुखानं चाललं असतं. पण चौसष्टच्या दिवाळीत गुरुजी लेकीजावयाला गाडीत बसवून द्यायला मिरजेला गेले. गाडी सुटायला अवकाश होता. तेवढ्यात इंजिनातून कोळशानं माखलेला एक माणूस उतरला, धावत आला आणि भर फलाटावर गुरुजींच्या पाया पडला. गुरुजींच्या धोतरावर दोन काळे पंजे उमटले.

"वळीकलं न्हाई व्हय? म्या अर्जुना. बौद्धवाड्यातला. एकोनपन्नास सालची दहावी."

"अरे अर्जुना, तू इथं?"

"फायरमन हाय. ह्याच गाडीवर. गुरुजी, लय दिस एक इचारीन म्हनत हुतो." अर्जुनानं घाम पुसला. "त्या प्लेगाच्या म्होरं काय झालं वो? वाचली का मानसं?"

आजूबाजूचे लोक हसले. जावई तर तोंड फिरवून हसला, आणि जावयानं तोंड फिरवलेलं सासऱ्याला नेमकं दिसतं. अर्जुना मात्र हसत नव्हता. त्यानं खरोखरच विचारलं होतं. गुरुजी काही बोलायच्या आत शिटी झाली आणि तो धावत जाऊन इंजिनावर चढला. गुरुजी त्या धूर ओकणाऱ्या यंत्राकडं बघत उभे राहिले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर याच इंजिनाचं चित्र होतं. आपण सव्वीस वर्षांत जिथवर पोचलो नाही, तिथं हा पोरगा रोज सकाळी जाऊन कोळसा टाकतो, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला, येसूबाईंना, सांगितलं, "यंदाचं माझं शेवटचं वर्ष. एप्रिलात निवृत्ती. मला एकदा, फक्त एकदा, इंजिनापर्यंत जायचंय."

"मग जावा की," येसूबाई धोतराला साबण लावत म्हणाल्या. "आत्ताच मिरजंला जाऊन आलासा, तवाच बघून यायचं."

संक्रांतीपर्यंत गाडी सवयीप्रमाणे धर्मयुद्धात आली. मग गुरुजींना युक्ती सुचली. सगळा इतिहास एका भिंतीवर रंगवून काढायचा. मुलांना भिंतीच्या कडेनं चालवत न्यायचं. भिंत संपली की इतिहास संपला. तोंडाला लगाम नसला तरी पायांना असतो. चावडीची रस्त्याकडची भिंत चांगली नव्वद फूट लांब होती. गुरुजींनी हिशेब केला. नऊ शतकं, दर शतकाला दहा फूट. इतका न्याय इतिहासाला आजवर कोणीच दिला नव्हता.

भिंत ग्रामपंचायतीची, म्हणून गुरुजी ग्रामसेवकाकडं गेले. धायगुडे ग्रामसेवक खंडाळ्याकडचे, अत्यंत सज्जन आणि त्याहून जास्त नियमाचे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "गुरुजी, हे कोणत्या सदरात घालू?"

"इतिहासाच्या."

"तसं सदर नाही. भिंतीवर लिहायची परवानगी शेती, अल्पबचत आणि आरोग्य या तीन सदरांत आहे. तुमच्या इतिहासात सुधारित बियाणं वगैरे काही आहे का?"

"नाही."

"लोक शिल्लक टाकायचे का?"

"राजेच लुटून न्यायचे."

"मग अवघड आहे." धायगुड्यांनी अर्ज परत केला नाही, नुसता बोटांत धरून ठेवला. सज्जनपणाची हीच खूण. "रोगराई वगैरे?"

गुरुजींचा चेहरा उजळला. रोगराईत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. ते उभ्या उभ्या अर्धा तास प्लेगावर बोलले. धायगुड्यांनी मध्येच टेबलाखाली पाहून पाय वर घेतले आणि 'आरोग्य' सदराखाली मंजुरी दिली. अट एकच: निम्म्याहून अधिक भिंत आरोग्याची असली पाहिजे.

या एका अटीनं जगाच्या इतिहासाची जी मांडणी केली तशी मोठमोठ्या पंडितांना जमली नसती. प्लेगाला थेट सोळा फूट मिळाले. खलाशी नवे देश शोधायला निघाले ते गलबतावर हिरड्या सुजून पडलेले दाखवावे लागले, आणि खाली 'लिंबू खा, दात राखा' अशी ओळ आली. छापखान्याची चौकट धायगुडे नामंजूर करत होते, ती 'बारीक अक्षर वाचताना उजेड पुरेसा असावा' या सूचनेवर सुटली. फ्रान्सच्या राजाचं डोकं उडवायचं की नाही यावर दोन दिवस खल झाला. शेवटी राजा डोक्यासकट ठेवला आणि प्रजा विहिरीजवळ उभी करून तिच्या हाती उकळलेल्या पाण्याचा तांब्या दिला.

चितारी म्हणून शमशेर मिळाला. शमशेर आष्ट्याचा. दुकानांच्या पाट्या आणि तालमीतले पैलवान रंगवण्यात त्याचा हात बसलेला. बसलेला हात उठेना, एवढीच अडचण होती. रोमचा पोप, चीनचा बादशहा, इटलीतला शिल्पकार, सगळ्यांना एकच छाती आणि एकच पिळदार मिशी आली. इंग्लंडच्या राणीला मिशी नव्हती, पण नाकात टपोरी नथ होती. गावातल्या बायका पाण्याला जाताना थांबून बघत आणि खात्यापित्या घरची दिसते म्हणत.

"शमशेर, इंग्लंडात नथ नसते रे."

"गुरुजी, रानी हाय का न्हाई? मग उगड्या नाकानं भिंतीवर उभी करायची व्हय? लोकं मला काय म्हनतील." आणि ब्रश धुता धुता तो हळूच म्हणाला, "एक सांगू का? आमचं बगदाद राह्यलं. आमचा आज्जा सांगायचा, तितं लय मोटे दवाखाने हुते."

दवाखाने म्हटल्यावर सदराचाही प्रश्न नव्हता. बगदादला पाच फूट मिळाले. इतिहासातलं एवढं निर्विघ्न काम दुसरं झालं नाही.

मग सरपंच आबा काठी टेकत आले. सत्तरीचे आबा कोणत्याही कामात खोट काढल्याशिवाय घरी जात नसत, म्हणून गुरुजी मनातल्या मनात तयार राहिले. आबा प्लेगापुढं उभे राहिले. सोळा फूट उंदीर त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिले.

"एवढं उंदीर न्हवतं," ते म्हणाले. "पर पडायचं अशेच. गाव सोडून समदी रानात खोपी घालून राह्यली. माजी आई मला डोईवरच्या पाटीत घालून घेऊन गेली. येताना पाटी हुती, मी हुतो, आई न्हवती." त्यांनी काठीनं भिंतीवर मोकळी जागा दाखवली. "हितं येक खोप काढ रं शमशेर. आन खोपीच्या दाराशी ती पाटी."

खोप प्लेगाच्या शतकातली नव्हती, त्या खंडातलीही नव्हती. गुरुजींनी सव्वीस वर्षं प्लेग शिकवला, पण मागच्या गल्लीत तो भोगलेला माणूस राहतो, त्याला काही विचारावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ते शमशेरला म्हणाले, "सहा फूट घे. पाटी नीट काढ."

अशी भिंत भरत गेली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपली. संपली तेव्हा उकळलेलं पाणी पिणारी फ्रेंच प्रजा कोपऱ्यावर दाटीवाटीनं उभी होती आणि औद्योगिक क्रांतीला दोन इंचही उरले नव्हते. गुरुजी भिंतीच्या टोकाला गेले आणि मटकन खाली बसले. वर्गात जे झालं तेच भिंतीवर झालं होतं. आणि दोन इंच असते तरी उपयोग नव्हता, कारण धायगुड्यांनी इंजिनाचं चित्र पाहून आधीच मान हलवली होती. "धूर आहे, गुरुजी. धूर आरोग्याला अपायकारक. या सदरात बसत नाही."

त्यातच निरोप आला की शिक्षणखात्याचे साहेब वीस तारखेला सांगलीहून येणार, भिंत बघणार आणि मुलांना प्रश्न विचारणार.

चावडीचा कोपरा वळला की मुक्ताबाईच्या घराची भिंत लागते. खाजगी भिंत, सदराची भानगड नाही. मुक्ताबाई विधवा बाई, दोन म्हशी, दूध आणि शेणी विकून घर चालवणारी. गोवऱ्यांना तिकडं शेणी म्हणतात आणि त्या भिंतीला थापून वाळवतात. मुक्ताबाईची भिंत पश्चिमेची. दुपारी बारापासून दिवस बुडेपर्यंत ऊन. पंचक्रोशीत शेणीसाठी एवढी सुंदर भिंत नव्हती आणि मुक्ताबाईला ते ठाऊक होतं.

गुरुजींनी अदबीनं विषय काढला. तिनं हातातला शेणाचा गोळा खाली ठेवला नाही.

"तुमचं ते इंजिन वाळाय लागतंय काय, गुरुजी?"

"नाही."

"मग त्याला ऊन कशाला पायजे? आतल्या अंगाला काडा. गोठ्यात."

"मुक्ताबाई, आतल्या अंगाला तुमच्या म्हशीच बघणार."

"बगू द्यात. त्येंनी कुटं काय बगितलंय?"

गुरुजींच्या आयुष्यात त्यांचा असा पराभव फलाटानंतर हाच. ते मान खाली घालून निघाले. दहा पावलं गेल्यावर मागून हाक आली. "आवं गुरुजी, थांबा. यवडं त्वांड पाडून जाऊ नगासा." मुक्ताबाईनं हात उंच करून भिंतीला टेकवला. शेणाचा पंजा उमटला. "माजा हात पोचतोय तितवर माजं. त्येच्या वर तुमची क्रांती."

मुक्ताबाई ठेंगणी होती, याबद्दल गुरुजींनी त्या दिवशी देवाचे आभार मानले.

शमशेरनं शिडीवर चढून इंजिन काढलं. वर छप्पर होतं, खाली पंजा होता, मधे साडेतीन फूट. धुराडं आलं, बॉयलर आला, मिशीवाला ड्रायव्हर आला. चाकांना जागा उरली नाही. इंजिन जमिनीपासून सहा फुटांवर हवेत तरंगत राहिलं. येणारे जाणारे सल्ला देऊ लागले. कोणी म्हणालं हे विमान म्हणून खपवा. कोणी म्हणालं खाली नदी काढा. गुरुजींना रात्री जेवण गेलं नाही, आणि येसूबाईंनी केलेली वांग्याची भाजी त्यांना कधी गेली नाही असं पूर्वी घडलं नव्हतं.

पंधरा तारखेला अर्जुना रजेवर गावी आला. भिंतीची बातमी त्याला आधीच लागली होती; गावात शिरताना त्यानं तिच्यावर बौद्धांचं नालंदा कुठं आहे असं विचारलं. बगदादच्या शेजारी, शमशेरच्या हातून दोन फूट नालंदा निघालंच होतं. त्या रंगवलेल्या दारापुढं अर्जुना चप्पल काढून थोडा वेळ उभा राहिला, मग भिंतीच्या कडेनं चालत चालत कोपऱ्यावर आला. इंजिनाकडं बघून त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारली.

"गुरुजी, हे पळायचं कशावर?"

गुरुजींनी पंजा दाखवला आणि सगळी हकीकत सांगितली. अर्जुनानं ती ऐकून घेतली आणि खडू मागितला.

"मुक्ताआत्या, हिकडं ये गं. शेणी लावनारच हायस न्हवं?"

"लावनार. कुनाच्या बापाची भिंत हाय?"

"तुज्याच. मग लाव की. फकस्त म्या रेघ मारतो तिच्यावर लाव. तीन मोट्या, आन म्होरं दोन लहान."

मुक्ताबाईला हे काम पोरखेळाचं वाटलं, पण शेणी गोल थापण्यात तिच्याशी बरोबरी करणारं गावात कोणी नव्हतं. इंजिनाच्या बुडाला बरोबर चिकटून तिनं पाच शेणी अशा थापल्या की परकार लावून पाहावं. अर्जुनानं ओल्या शेणींत एक लांब उसाचं चिपाड आडवं दाबून बसवलं. "ह्यो दांडा. ह्येच्याबिगर चाकं फिरत न्हाईत." दोन पावलं मागं जाऊन मुक्ताबाईनं पाहिलं आणि पदरानं तोंड झाकून हसली. "आगं बया, निगालं की."

वीस तारखेला दुपारी साहेब जीपमधून आले. भिंत बघत चालले. सुजलेल्या हिरड्या, उकळलेलं पाणी, सोळा फूट उंदीर.

"हे इतिहासाचं आहे की हिवताप निर्मूलनाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आरोग्य सदरात आहे, साहेब," धायगुडे अभिमानानं म्हणाले.

मुलं मागून चालत होती. भिंतीला दुपारी सावली नव्हती, त्यामुळं गुरुजींनी औंधच्या पायऱ्यांचा विषय काढताच पोरांचे पाय पोळले आणि ती आपसूक पुढं सरकली. इतिहास पहिल्यांदाच उन्हानं पुढं ढकलला. प्लेग सात मिनिटांत संपला. वरात कोपरा वळली आणि सव्वीस वर्षांत प्रथमच आकाराम गुरुजी आपल्या विद्यार्थ्यांसह वाफेच्या इंजिनासमोर येऊन उभे राहिले.

"बोला, गुरुजी," साहेब म्हणाले.

गुरुजींनी तोंड उघडलं. पाणी तापतं, त्याची वाफ होते, इथवर ते आले आणि थांबले. जो धडा कधीच शिकवला नव्हता, तो पाठ तरी कुठून असणार? मुलं बघत होती. आबा काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

मग गर्दीतून अर्जुना पुढं आला. त्यानं मुलांना आगीचं दार कुठं, कोळसा कसा पसरून टाकायचा, वाफ दट्ट्याला कशी ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा चाकाला कसा फिरवतो ते सांगितलं. उसाच्या चिपाडावर बोट ठेवून सांगितलं. घाटावर गाडी थकली की चाकं कशी जागच्या जागी फिरतात आणि खाली वाळू कशी सोडावी लागते, तेही सांगितलं. शमशेर ब्रश हातात धरून ऐकत राहिला. येसूबाई बायकांमध्ये उभ्या होत्या, त्यांनी शेजारणीला गप्प केलं.

"हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"ह्या गुरुजींच्या हाताखाली."

"पण ते तर या धड्यापर्यंत पोचतच नाहीत म्हणे."

"तेच तर," अर्जुना म्हणाला. "त्येंनी आमाला प्लेगात आनून सोडलं आन शाळा संपली. म्होरं काय झालं ते कळंना. ते बगाय म्हनून जो निगालो सायेब, त्यो इंजिनावरच चढलो."

कोणी हसलं नाही. गुरुजींनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि चष्मा पुसून झाल्यावर डोळे पुसले. आता बोलायची पाळी आपली आहे हे त्यांना कळलं. आयुष्यात कधी आली नव्हती अशी भरती त्यांच्या मनाला आली होती. त्यांनी आबांचे आभार मानले, ज्यांनी साथ पाहिली आणि सांगितली. धायगुड्यांचे मानले, ज्यांनी इतिहासाला सदर मिळवून दिलं. शमशेरचे मानले, ज्यानं सगळ्या जगाला एकच चेहरा दिला, आणि विचार केला तर त्यात चूक ती काय होती. अर्जुनाची पाळी आली तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि काळा होईल म्हणून झटकला नाही. मग ते म्हणाले, "साहेब, संस्कृती एकट्यादुकट्याच्या हातून होत नाही. एकानं पुढं न्यायची, दुसऱ्यानं आणखी पुढं. हे समजून घ्यायचं तर आपल्याला जरा मागं जावं लागेल. मी औंधला शिकायला होतो तेव्हा..."

मुलांनी सावली शोधायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात गर्दीच्या कडेनं मुक्ताबाई हळूहळू पुढं आली, पदर सावरला आणि गुरुजींच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गुरुजी, तुमचं चालू द्यात. पर चाकं चांगली वाळल्यात. सायबाच्या च्याला चुलीत घालाय घरात येक शेणी न्हाई. म्होरची लहान दोन तेवडी काडून घिऊ का?"